पाणबुडी मोटर चालू आहे पण ड्रिपला प्रेशरच नाही, मोटर वर काढावी का?

संगमनेरचं डाळिंब

नमस्कार मंडळी, जरा तातडीने सल्ला पाहिजे. संगमनेर तालुक्यात आमचं दोन एकर डाळिंब आहे, आंबे बहार धरलाय, फळं आत्ता लिंबाएवढी झालीत. विहीर ५२ फूट, आत्ता १६ फूट पाणी उभं आहे. त्यात ५ एचपीची थ्री फेज पाणबुडी मोटर, चार वर्षं झाली, तळापासून चार फूट वर टांगलेली. तिथून ६०० फुटांवर सँड फिल्टर आणि मग ड्रिप.

प्रॉब्लेम असा की मोटर नेहमीसारखी चालू होते, आवाज तोच, ट्रिप पण होत नाही, पण पाणी कमी. आधी फिल्टरवरचा प्रेशरचा काटा २ किलोवर असायचा तो आता अर्ध्या-पाऊण किलोच्या वर जाईना, शेवटच्या आठ-दहा ओळींची झाडं कोरडी राहतायत. मधे सहा दिवस लाईट नव्हती, मंगळवारी आली, तेव्हापासून बहुतेक हे चालू आहे पण पहिले दोन दिवस आमच्या लक्षातच आलं नाही, वडिलांना वाटलं इतके दिवस बंद होतं म्हणून पाईपलाईन भरायला वेळ लागत असेल. स्टार्टरवरचं अँपमीटर ७ दाखवतंय, आधी साडेनऊच्या आसपास असायचं.

गावातल्या मेकॅनिकला दाखवलं, तो म्हणाला अँप कमी आलेत म्हणजे बाऊल आणि इम्पेलर (पंपातली पाणी फेकणारी चाकं आणि त्यांची भांडी) झिजलेत, मोटर वर काढा, १४ हजारांपर्यंत जाईल. मी पुण्यात नोकरीला, घरी वडीलच आहेत, वय ६८. ते म्हणतात चार माणसं बोलावतो आणि काढून टाकतो, नाहीतर आधी मीच उतरून बघतो. त्यात या आठवड्यात आमच्याकडे रात्रीची लाईट आहे, साडेनऊनंतर विहिरीवर जावं लागतं आणि आमच्या भागात बिबट्याचं तुम्हाला माहितीच आहे. पाण्याचा ताण पडून नंतर एकदम पाणी मिळालं की फळं तडकतात, म्हणून जास्त दिवस थांबता येणार नाही. खरंच काढावी का मोटर?

जुन्नर मळा

भाऊ आधी एक गोष्ट, वडिलांना विहिरीत उतरू देऊ नका. मोटरची केबल किंवा जॉइंट कुठे सोललेला असेल तर पाण्यात करंट उतरतो, वरून काही कळत नाही. आमच्या शेजारच्या गावात असं होऊन माणूस गेलाय. उतरायचंच झालं तर स्टार्टर बंद करून भागत नाही, फ्यूज काढून खिशात ठेवायचे आणि मगच पाण्याला हात लावायचा.

आता मोटरबद्दल. वर काढायच्या आधी पाणी नेमकं कुठे कमी पडतंय ते शोधा. विहिरीत कमी पडतंय का ६०० फुटांच्या लाईनमध्ये? विहिरीच्या तोंडाशी पाईप सोडवा आणि २०० लिटरचा ड्रम भरायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा. तिथे चढ नाही, फिल्टर नाही, काही नाही, ५ एचपीच्या मोटरने ड्रम ४० सेकंदांच्या आत भरला पाहिजे. तिथे धबाधबा पाणी आलं तर मोटर चांगली आहे आणि लाईन कुठेतरी फुटलीय किंवा फिल्टर चोकअप झालाय. तिथेच कमी आलं तर मग विहिरीच्या आत बघायचं.

आत बघायचं म्हणजे उभा पाईप. मोटर चालू असताना काठावर उभं राहून नुसतं ऐका, पाईपला भोक असेल तर फवाऱ्याचा आवाज येतो, विहिरीच्या भिंतीवर पाणी उडालेलं दिसतं. आम्ही दिवसा आरशाने ऊन आत पाडून बघतो, टॉर्चपेक्षा फार स्पष्ट दिसतं, पाईपचा जॉइंट न् जॉइंट. तुमच्याकडे रात्रीची लाईट म्हणजे टॉर्चच वापरावा लागेल.

चिपळूणची विहीर

फूटव्हॉल बघितलात का? आमच्याकडे घरच्या विहिरीवर १ एचपी मोनोब्लॉक आहे, सारखं असंच व्हायचं, मोटर फिरायची आणि पाणी येतच नव्हतं, शेवटी फूटव्हॉलच्या झडपेत जांभ्याचा खडा अडकलेला निघाला. खडा काढून, बादलीने पाणी भरून हवा काढली की लगेच पाणी ओढलं.

जुन्नर मळा

ताई तुमची मोटर वर बसलेली आहे, तिला पाणी ओढून घ्यावं लागतं म्हणून फूटव्हॉल. यांची मोटर पाण्यातच बुडालेली आहे, तिला सक्शन नाही, फूटव्हॉल नाही, हवा धरायचा प्रश्न पण नाही. पाणी मोटरच्या खाली गेलं तरच ती हवा घेईल, आणि यांच्याकडे मोटरच्या वर बारा फूट पाणी आहे.

संगमनेरचं डाळिंब

धन्यवाद दादा, ड्रमची आयडिया पटली. काल रात्री चुलतभावाला वडिलांबरोबर पाठवलं. विहिरीच्या तोंडाशीच पाईप सोडवून ड्रम लावला, १ मिनिट ४० सेकंद लागले. म्हणजे लाईनचा दोष नाही. टॉर्च मारून पण बघितलं, पाईपला कुठे फवारा नाही, आवाज नाही, भिंती कोरड्या आहेत. मोटर बंद केल्यावर पाणी मागे जाताना पण आवाज आला नाही.

म्हणजे मेकॅनिक म्हणतो तेच खरं दिसतंय. उद्या माणसं सांगू का?

वाइंडिंगवाली

दादा थांबा, माणसं सांगू नका. आमचं बार्शीकडे मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, सासऱ्यांनी चालू केलेलं, आता मी आणि माझे मिस्टर बघतो. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये एक वाक्य आहे त्यावर कुणी काहीच विचारलं नाही. सहा दिवस लाईट का नव्हती? डीपी (शेताचा ट्रान्सफॉर्मर) जळाली होती का? नवीन डीपी बसवली का, किंवा पोलवरच्या तारा तुटून परत जोडल्या का?

कारण इम्पेलर चार दिवसांत झिजत नाहीत. झिजतात ते वर्ष दोन वर्षं वाळू खाऊन, आणि तेव्हा पाणी हळूहळू कमी होतं, आज थोडं, पुढच्या महिन्यात अजून थोडं. तुमचं लाईट जायच्या आधी बरोबर होतं आणि लाईट आल्यावर निम्मं झालं. असं एका रात्रीत होतं तेव्हा मला पहिला संशय मोटर उलटी फिरतीय असाच येतो.

संगमनेरचं डाळिंब

हो ताई, डीपीच जळाली होती. सहा दिवसांनी दुसरी डीपी आणून बसवली. पण उलटी फिरली असती तर पाणी आलंच नसतं ना? थोडं का होईना येतंय की.

वाइंडिंगवाली

इथेच सगळे फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरातला पंखा उलटा फिरवला तर वारा छताकडे जातो, तसं पंपाचं नसतं. इम्पेलर तुम्ही हातात घेऊन बघितला असेल तर त्याला मधे एक भोक असतं आणि तिथून कडेपर्यंत वाकडी पाती गेलेली असतात. पाणी मधून आत येतं आणि फिरण्याच्या जोराने कडेला फेकलं जातं. उलटं फिरवलं तरी ते कडेलाच फेकलं जाणार, फक्त पात्यांचा बाक चुकीच्या बाजूला पडतो, जोर बसत नाही. पंपात असे इम्पेलर एकावर एक असतात, त्या प्रत्येक स्टेजला जोर कमी मिळतो आणि वरपर्यंत येता येता एकूण जोर फार कमी भरतो. म्हणून पाणी येतं पण प्रेशर येत नाही. मोटरचा आवाज तोच, स्टार्टर बसतो, ट्रिप होत नाही, सगळं व्यवस्थित वाटतं. अँप कमी आले म्हणजे काम कमी होतंय एवढंच कळतं, का कमी होतंय ते अँपमीटर सांगत नाही. आणि उलट्या मोटरचे अँप दरवेळी कमीच येतील असंही धरून चालू नका, पंपाप्रमाणे फरक पडतो. पाणी किती येतंय हीच खरी टेस्ट.

थ्री फेज मोटर कुठल्या दिशेने फिरणार हे तीन फेज, म्हणजे लाईटच्या तीन तारा, कुठल्या क्रमाने येतात त्यावर ठरतं. डीपी बदलताना तीन वायरींपैकी दोन इकडच्या तिकडे लागल्या की त्या डीपीवरच्या सगळ्या मोटरी उलट्या. सहा दिवस लोक पाण्यावाचून बसलेले, गडबडीत जोडतात, होऊन जातं. मोनोब्लॉकवाल्याला लगेच कळतं कारण मागचा पंखा दिसतो आणि बॉडीवर बाण असतो. पाणबुडीवाल्याला काही दिसत नाही, म्हणून ती वर निघते आणि आमच्याकडे येते. दर उन्हाळ्यात अशा मोटरी येतात. मिस्टर दुकानातल्या हौदात सोडून चालू करतात तर पाणी समोरच्या भिंतीवर. मोटरला काहीच झालेलं नसतं. त्या माणसाचे काढायचे घालायचे पैसे, टेम्पो, आणि चार दिवस पाणी गेलेलं असतं, मला फार वाईट वाटतं म्हणून एवढं लिहितेय.

एक करा, तुमच्याच डीपीवर कुणाची मोनोब्लॉक असेल तर त्यांना विचारा मंगळवारी त्यांचं काय झालं.

आता काय करायचं ते. स्टार्टरमध्ये वर तीन वायरी येतात त्या लाईनच्या, खालून तीन निघतात त्या मोटरच्या. खालच्या तीनपैकी कुठल्याही दोन एकमेकींच्या जागी लावायच्या, बास. तिन्ही फिरवू नका, तिन्ही एकेक घर पुढे सरकवल्या तर क्रम तोच राहतो आणि मोटर उलटीच फिरणार. मग परत ड्रम लावा. पाणी वाढलं तर तीच बरोबर दिशा. कमी झालं तर परत होतं तसं करा, मग माझा अंदाज चुकला असं समजू.

हे वडिलांना एकट्याला करायला सांगू नका, माहीतगार वायरमन बोलवा. मेन स्विच पाडायचा, तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढायचे आणि टेस्टर तिन्ही तारांना लावून बघायचा. दिवसा सिंगल फेज, म्हणजे घरांपुरतीच लाईट असते तेव्हा लोकांना वाटतं लाईट नाही, मोटर चालत नाही म्हणजे वायर मेलेली आहे, तसं नसतं, तारांना करंट असतोच. आणि रात्रीच्या अंधारात ओल्या पायांनी करू नका, दिवसा उजेडात किटकॅट काढून वायरी बदलून ठेवा, रात्री लाईट आली की फक्त चालू करून बघायचं.

माळशिरस ऊस

ताईंचं बरोबर वाटतंय. अजून एक बघा, मोटर इतके दिवस उलटी चालली असेल तर पाईपला आटे असलेला जॉइंट आहे का? उलट्या झटक्याने आटे ढिले होऊ शकतात. मोटरला दोर बांधलेला आहे ना? आमची एकदा पाईप सुटून तळाला गेली होती, दोर होता म्हणून वाचलो.

आणि दादा व्होल्टेज पण बघा, नवीन डीपीवर लोड किती आहे कळेल. तिन्ही फेजमध्ये दोन-दोन तारांचं मोजा, ४१५ कुठे मिळत नाही आपल्याकडे, पण ३५० च्या खाली गेलं तर मोटर चालवू नका, अँप वाढतात आणि वाइंडिंग गरम होतं.

नवा शेतकरी

एवढं कशाला, आमच्याकडे एकाने कॅपॅसिटर लावून टू फेजवर मोटर चालवलीय, दिवसा पण चालते, लाईटची वाटच बघावी लागत नाही. तसं करा ना.

वाइंडिंगवाली

कृपा करून कुणी हे करू नका. तशी मोटर फिरते पण तीन वाइंडिंगचं काम समान वाटलं जात नाही, एकावर जास्त भार येतो आणि ते जळतं. आमच्याकडे उघडल्यावर लगेच दिसतं, दोन बाजूंची तार चांगली आणि एका बाजूची काळी कोळसा. शिवाय त्याच फेजवर गावातल्या घरांची लाईट असते, त्यांचं व्होल्टेज पडतं आणि डीपी पण परत जाते. डाळिंबवाल्यांचे सहा दिवस कशाने गेले ते बघा.

संगमनेरचं डाळिंब

मंडळी, ताई, कसे आभार मानू कळत नाही.

आधी शेजारच्या काकांना फोन केला, त्यांची मोनोब्लॉक आमच्याच डीपीवर. ते म्हणाले अरे मंगळवारी लाईट आली तेव्हा माझी मोटर पाणीच टाकेना, पंखा बघितला तर उलटा, मी त्याच दिवशी वायरमन बोलावून फेज बदलून घेतल्या. आमच्या बांधापासून शंभर पावलांवर त्यांची विहीर आणि आम्हाला पाच दिवस पत्ता नाही.

काल दुपारी त्यांचाच वायरमन आला, ताईंनी सांगितलं तसं किटकॅट काढले, टेस्टर लावला तर एका तारेवर लागला सुद्धा, म्हणजे वडील स्टार्टर बंद म्हणून हात घालणार होते ते किती धोक्याचं होतं. मग मेन स्विचच्या आधीचं पण बंद करून खालच्या दोन वायरी बदलल्या. रात्री पावणेदहाला लाईट आली, मी इकडे फोन धरून बसलेलो, चुलतभाऊ व्हिडिओ कॉलवर. बटण दाबल्यावर पाईपने असा झटका खाल्ला आणि ड्रममध्ये पाणी पडायला लागलं तो आवाजच वेगळा होता, फोनवर पण कळलं. ड्रम ३६ सेकंदांत भरला. अँपमीटर साडेनऊ. वडील काही बोलले नाहीत, ड्रम ओतून दिला आणि म्हणाले परत मोज. परत ३६.

लाईन जोडून फिल्टरवर बघितलं तर काटा दीड किलोवर थांबला, दोनवर नाही गेला. आता हे काय असेल? माळशिरसवाले दादा, दोर आहे, नायलॉनचा, वडिलांनी ओढून बघितला, घट्ट आहे. पाईप एचडीपीई आहे, खाली एकच आट्याचा जॉइंट, त्यावर क्लँप आहे. व्होल्टेज ३८० ते ३९० आलं.

जुन्नर मळा

वा, फार बरं वाटलं. दीड किलो म्हणजे काळजी नाही. तुमच्या सँड फिल्टरमध्ये घाण बसली असणार, पाच दिवस प्रेशर नव्हतं म्हणजे बॅकवॉश (उलट्या बाजूने पाणी सोडून फिल्टर धुणं) पण नीट झाला नसेल. फिल्टरच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे काटा असेल तर दोन्ही बघा, फरक अर्ध्या किलोच्या आसपास गेला की बॅकवॉश द्यायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. स्क्रीन फिल्टरची जाळी काढून ब्रशने धुवा. ड्रिपच्या ओळींची टोकं उघडून पाणी सोडा, शेवटच्या ओळींत गाळ साठलेला असेल. आणि कोरड्या राहिलेल्या झाडांना एकाच रात्रीत भरपूर पाणी देऊ नका, तीन-चार दिवसांत थोडं थोडं वाढवत न्या, तडकायची भीती तुम्हीच लिहिली होती.

वाइंडिंगवाली

दादा खूप आनंद झाला, मिस्टरांना पण वाचून दाखवलं.

एक विचारायचं राहिलं, तुमच्या स्टार्टरला प्रिव्हेंटर (फेजमध्ये गडबड झाली की मोटर बंद पाडणारा) नाही का? फेजचा क्रम ओळखणारा प्रिव्हेंटर असता तर उलट्या क्रमावर त्याने मोटर चालूच होऊ दिली नसती.

संगमनेरचं डाळिंब

आहे ताई, पण मागच्या वर्षी सारखा ट्रिप व्हायचा म्हणून मेकॅनिकने वायर काढून डायरेक्ट करून ठेवलाय. वडिलांना आज विचारलं तेव्हा कळलं, मला माहीतच नव्हतं.

वाइंडिंगवाली

तो परत जोडून घ्या. आधी त्याचं लेबल वाचा, काही फक्त एक फेज गेल्यावर ट्रिप होतात, क्रम उलटा झाला तर त्यांना कळत नाही. तुमचा तसला असेल तर दोन्ही काम करणारा बसवा. आणि तो सारखा ट्रिप व्हायचा त्याला कारण असणार, बहुतेक जुन्या डीपीवर एक फेज कमी येत असेल, तो तेच सांगत होता. नवीन डीपीवर तिन्ही सारखे आहेत म्हणता तर आता त्रास द्यायला नको. जोडताना वायरमनला सांगा की आत्ताचा क्रम बरोबर आहे, हा धरून बसव.

अजून एक, सवडीने मेगरने (इन्सुलेशन मोजायचं मीटर) इन्सुलेशन मोजून घ्या, स्टार्टरपासूनच मोजता येतं, मोटर काढावी लागत नाही. केबलच्या एकेका वायरचं अर्थिंगशी माप २ मेगओहमच्या वर आलं तर पावसाळ्यापर्यंत तिला हात लावायची गरज नाही. मोजलेला आकडा, ड्रमचे ३६ सेकंद आणि साडेनऊ अँप हे सगळं स्टार्टरच्या झाकणाच्या आतून मार्करने तारीख टाकून लिहून ठेवा. तुम्ही पुण्यात असता, पुढच्या वेळी वडिलांना फोनवर नुसतं विचारलं तरी फरक कळेल.

संगमनेरचं डाळिंब

लिहून ठेवलं ताई, वडिलांनी स्वतः लिहिलं, मार्कर नव्हता म्हणून ऑइलपेंटने. बॅकवॉश दिला, काटा १.९ वर आला. शेवटच्या ओळी आज भिजल्या.

आमच्या डीपीवर सात मोटरी आहेत. वडिलांनी सकाळी सगळ्यांना फोन केले. दोघांना आधीच कळलं होतं, तिघांनी आज फेज बदलल्या. पण ओढ्यापलीकडच्या अण्णांनी परवाच मोटर वर काढली होती, बाऊल खोलायला आज तालुक्याला नेणार होते, टेम्पो पण सांगितलेला. वडिलांनी टेम्पो थांबवलाय. मोटर अजून त्यांच्या विहिरीच्या काठावर गोणपाटाखाली पडलीय, मी आज रात्रीच्या गाडीने निघतोय, उद्या सकाळी चौघं मिळून परत सोडणार आहोत.